एकेचाळीसचे तीन बाण

सोमवार, १ सप्टेंबर

आजपासून पुन्हा वही. मागची रोजनिशी चार वर्षांपूर्वी गुडघेदुखीवर येऊन थांबली होती. गुडघा अजून दुखतोच, पण आजचं दुखणं वेगळं आहे.

प्राचार्यांनी सकाळी सगळ्यांना बोलावून फर्मान काढलं. यापुढे प्रत्येक विषयात, प्रत्येक घटकाला एक ‘उपक्रम’. नुसतं शिकवणं चालणार नाही. उपक्रमाचा फोटो काढायचा, मोठा करून फाटकाजवळच्या फलकावर लावायचा. चोवीस तारखेला तपासणी समिती येतेय, तिने तो बघायचा. मी म्हटलं, “सर, पहिल्या वर्षाला मी मूलभूत संकल्पना शिकवतो. समूह, भूमिका, दर्जा, नियम. यांचा फोटो कसा काढायचा?” ते हसून म्हणाले, “तेच तर तुमचं कौशल्य.” झालं, पडलं गळ्यात.

पहिल्या वर्षात अठ्ठेचाळीस मुलं आहेत. तास सकाळी साडेसातचा, म्हणजे अर्धी मुलं शरीराने येतात आणि अर्धी तेवढीही येत नाहीत. नावं मी लक्षात ठेवत नाही. सव्वीस वर्षांत किती ठेवणार? नंबर बरे. नंबराला आडनाव नसतं, गाव नसतं, बाप नसतो. समाजशास्त्राच्या माणसाने असंच निःपक्षपाती असावं.

एकेचाळीस नंबर आज पुन्हा उशिरा. माझा नियम साधा आहे: हजेरी सुरू झाली की दार बंद. उशिरा आलेल्याने हजेरी संपेपर्यंत दारात उभं राहायचं, मग शेवटच्या बाकावर बसायचं. त्या दिवसाची गैरहजेरी तशीच राहते. मुलगी काही बोलत नाही, उभी राहते. वर्गातल्या इतरांपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी दिसते. प्रवेशही उशिराच झालेला. उशीर हा तिचा स्वभावच असावा.

घरी आलो तर पुढची खोली बायकोच्या पाळणाघराने व्यापलेली. चौदा पोरं, त्यातली तीन रडत होती. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय.

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज सामाजिक नियम आणि अनुशास्ती. नियम मोडला की समाज त्या माणसाला काहीतरी करतो: बोलतो, हसतो, टाळतो. मुलं माना डोलवत होती, म्हणजे कुणालाच कळलं नव्हतं. तेवढ्यात दारात एकेचाळीस. उदाहरण पायांनी चालत आलं! मी म्हटलं, “हे बघा. नियम काय? साडेसात. मोडला कुणी? यांनी. आता या तिथे उभ्या आहेत, तुम्ही यांच्याकडे बघताय, हसताय. ही अनुशास्ती.” वर्ग खळखळून हसला. सव्वीस वर्षांत ही व्याख्या इतक्या पटकन कुणाच्या डोक्यात शिरली नव्हती.

तीही थोडी हसली. खेळकर आहे म्हणायची.

मंगळवार, ९ सप्टेंबर

उपक्रम झाला, आणि झकास झाला.

आजचा घटक समूह. समाजमिती नावाची जुनी पद्धत आहे. वर्गातल्या प्रत्येकाला विचारायचं की कुणाबरोबर काम करायला आवडेल. उत्तरांचं चित्र काढायचं. प्रत्येकाचं एक वर्तुळ, त्यात त्याचा नंबर, आणि ज्याला निवडलं त्याच्याकडे बाण. चित्रात समूहाचा सांगाडा उघडा पडतो. लाडके कोण, टोळ्या कुठल्या, सगळं दिसतं.

काल मी सांगून ठेवलं होतं की सत्राचा प्रकल्प चौघांच्या गटात करायचा, आणि गुण सगळ्या गटाला एकत्र मिळतील. गटातला एक उशिरा आला तर सगळा गट उशिरा धरला जाईल, म्हणजे मुलं निवड गांभीर्याने करतील. आज प्रत्येकाने चिठ्ठीवर स्वतःचा नंबर आणि हव्या असलेल्या तिघांचे नंबर लिहिले. नावं नाहीत, म्हणजे गुप्तता पाळली गेली. एकेचाळीससुद्धा आज वेळेवर होती, अगदी धापा टाकत आली.

मुलांना वीस मिनिटं वाचायला देऊन मी अख्खा फळा भरला. बारा नंबरकडे अकरा बाण! पहिल्या बाकावरची चुणचुणीत मुलगी आहे, अपेक्षितच होतं. सात आणि एकोणतीस या तिच्या मैत्रिणी, त्यांच्याकडेही भरपूर. आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक वर्तुळ असं की त्यातून तीन बाण निघालेत, बारा, सात आणि एकोणतीसकडे, आणि त्याच्याकडे एकही आलेला नाही. पाठ्यपुस्तकात छापावं इतकं स्वच्छ उदाहरण. मी छडी त्यावर ठेवून म्हटलं, “याला म्हणतात एकाकी घटक.”

वर्ग एकदम शांत झाला. विषय पोचला की असं होतं.

शिपायाने मोबाइलवर फोटो काढला. प्राचार्य फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, “सर, लपून बसला होतात इतकी वर्षं.” घरी येताना गुडघा दुखला नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

एकेचाळीस गैरहजर. हजेरीत तो नंबर पुकारला तेव्हा दोन-तीन मुलांनी मागे वळून पाहिलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. मग माझ्या लक्षात आलं.

मुलं रोज सकाळी माझ्याच तोंडून हे नंबर ऐकतात. अठ्ठेचाळीस जणांना अठ्ठेचाळीस नंबर पाठ आहेत. नंबर म्हणजे गुप्तता, असं या वर्गात फक्त मला वाटत होतं.

शनिवार, १३ सप्टेंबर

चौथा दिवस. आज बायकोला सांगितलं. ती एका पोराच्या शर्टाचं बटण शिवत होती.

“नाव काय तिचं?”

“एकेचाळीस.”

तिने सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. “अहो, मी नाव विचारलं.”

मी म्हटलं, बघून सांगतो. ती म्हणाली, “माझ्याकडे चौदा आहेत. कोण गार दूध पितं आणि कुणाला झोपताना कान धरायला लागतो, सगळं मला माहीत आहे.” मी म्हटलं, तुझे चौदा, माझे वर्षाला तीनशे. मुद्दा चुकीचा नव्हता. तिने बटण शिवून दोरा दातांनी तोडला.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज कार्यालयात जाऊन एकेचाळीसची नोंद काढली. मोठे क्लार्क गेली तीस वर्षं त्याच खुर्चीत आहेत. संगणक आल्यापासून त्यांचा आवाज आणखी करडा झाला आहे. प्रवेशअर्जात फोन आत्याचा. लावला. आत्या म्हणाली, “ती ना? ती कामावर. कॉलेज सुटलं का तिचं? मला तर म्हणाली सुट्ट्या आहेत.” मी घाईघाईने “हो, म्हणजे नाही” असं काहीतरी बोलून फोन ठेवला.

मग हजेरी पाहिली आणि तोंडचं पाणी पळालं. सत्राचे तास साठ. परीक्षेला बसायला पंचेचाळीस हवेत. झाले बेचाळीस. त्यात तिचे सव्वीस. उरले अठरा. उद्यापासून रोज आली तरी चव्वेचाळीस.

एका तासाने कमी. इतर विषयांत ती व्यवस्थित आहे, फक्त माझ्यात कमी. तिच्या सोळा गैरहजेऱ्यांपैकी पाच गेल्या बुधवारपासूनच्या. उरलेल्या अकरा दिवशी ती वर्गात होती. दारात उभी होती, नंतर शेवटच्या बाकावर बसून वहीत लिहीत होती. मीच तिला नाही म्हणून लावलंय.

क्लार्कना म्हटलं, एक दिवस दुरुस्त करा. ते म्हणाले, “सर, पूर्वीचं रजिस्टर असतं तर खोडून दिलं असतं. आता दुपारी बारा वाजले की त्या दिवसाचं कुलूप लागतं. प्राचार्यांची परवानगी आणा, कारण लिहून.” आणि काखा वर केल्या.

बुधवार, १७ सप्टेंबर

तास संपल्यावर बारा नंबरला थांबवून घेतलं. विचारलं, एकेचाळीसशी तुमचं काही भांडण झालंय का? कोणीच कसं तिला निवडलं नाही?

मुलगी गोंधळली. “भांडण? नाही सर. चांगली आहे ती. माझ्या वहीत राहिलेलं सगळं तिनेच उतरवून दिलं होतं, मी आजारी होते तेव्हा.”

“मग?”

“तीनच नंबर होते ना सर.” मग थोडं थांबून, पायाकडे बघत, “आणि तुम्ही म्हणालात एक उशिरा तर सगळा गट उशिरा. ती सारखी दारात असते. तिला घेतलं असतं तर आम्हीपण दारात. तुम्ही त्या दिवशी तिच्यावरून ते शिकवलंत... हसायचं, टाळायचं... म्हणजे मग सगळे जरा...”

“जरा काय?”

“काही नाही सर. मला पुढचा तास आहे.”

मी रिकाम्या वर्गात बसून राहिलो. मी समूहाचं चित्र काढलं असं समजत होतो. तो समूह आधी मीच तसा केला होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटून काय करायचं हेही कळेना.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आत्याकडून पत्ता घेऊन सकाळी साडेसहाला बेकरीत गेलो. मागच्या बाजूला लांबलचक खोली, मधे पत्र्याचं टेबल, भिंतीला ट्रे लावलेले. गरम पावाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आठ-नऊ माणसं पाव मोजून पिशव्या भरत होती आणि टेबलाच्या टोकाला एकेचाळीस. डोक्याला रुमाल, हातात याद्यांचा गठ्ठा.

“ताई, शाळेच्या कँटीनचे किती?” “ताई, हा ट्रे जळलाय, बाजूला काढू?” “ताई, माझी पिशवी बघ ना.” सगळे तिच्याकडेच येत होते, आणि ती न बघता हातानेच प्रत्येकाला वाट दाखवत होती. कुणीतरी काहीतरी म्हटलं आणि ती मोठ्याने हसली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला.

मला पाहून हसू गेलं. हात पुसत आली. “सर? पाव पाहिजे का?”

मी म्हटलं, पाव नको, तू ये. तिने मला बाहेर सायकलींपाशी नेलं.

“इथे पहाटे चारला लागते. ऑर्डर जास्त असली की सव्वासातला सुटते. पळत आले तरी पावणेआठ होतात.”

“मग मला सांगायचं ना!”

“कधी सांगणार सर? दारात असताना तुमची हजेरी चालू असते. नंतर तुम्ही शिकवायला लागता.”

मी माफी मागितली. शब्द नीट आले नाहीत, पण मागितली. म्हटलं, ते चित्र चुकलं माझं. तुला कुणी निवडलं नाही असं नाही, नियमच असा होता की—

“त्याचं काही नाही सर,” ती मधेच म्हणाली. “मला कुणी घेतलं नाही त्याचं काही नाही, त्याची सवय असते. पण मी कुणाला लिहिलं ते सगळ्यांना दिसलं. मला वाटलं होतं, चिठ्ठी तुमच्याकडे राहणार. मी त्या तिघींना लिहिलं. त्यांना कशाला कळायला हवं होतं? आता त्यांच्या मागे बसायचं म्हणजे...” तिने रुमाल सोडून पुन्हा बांधला. “त्या हसल्या पण नाहीत सर. नुसत्या खाली बघत होत्या. हसल्या असत्या तर बरं होतं.”

दहा दिवस मी त्या वर्तुळाकडे न आलेल्या बाणांचा विचार करत होतो. निघालेल्या तीन बाणांचा विचारच केला नव्हता.

“सोमवारी ये,” मी म्हटलं. “हजेरीचं मी बघतो.”

“येते सर,” ती म्हणाली. लग्नाचं आमंत्रण देणाऱ्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

तिथून कॉलेजला चालत निघालो. गुडघ्याने साथ दिली नाही, पोचायला सात पन्नास झाले. वर्ग भरलेला होता. मी आत गेलो, खुर्चीत बसलो आणि हजेरी सुरू केली. मला कुणी दारात उभं केलं नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

अर्ज लिहिला. सरळ लिहिला: माझ्या विषयात हजर असलेल्या विद्यार्थिनीला मी अकरा वेळा गैरहजर लावले आहे, ती नोंद दुरुस्त व्हावी.

प्राचार्यांनी दोनदा वाचला. “सर, हे लेखी देताय?”

“हो.”

“चार दिवसांवर समिती. हजेरीच्या नोंदी ते पहिल्यांदा बघणार. इथे विभागप्रमुख स्वतः लिहून देतात की मी हजर मुलांना गैरहजर लावतो. उद्या ते विचारतील, अशी आणखी किती? मागच्या वर्षी किती? सव्वीस वर्षांत किती?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. आवाज अगदी प्रेमाचा होता. “तुमची तीन वर्षं राहिलीत. विचार करा. सोमवारी द्या हवं तर, मी पुढे पाठवतो.”

घरी आलो. अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, प्राचार्यांनी अडवलं. काही करता येत नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

ती आली नाही. ती आली असती तर अर्ज दिला असता. तीच येत नाही म्हटल्यावर नुसतं तांत्रिक काम करून काय होणार? गुडघा सुजलाय.

बुधवार, २४ सप्टेंबर

समिती. तीन माणसं, तिघांच्या हातात एकसारख्या फायली. फाटकाजवळच्या फलकापाशी थांबली. फोटो मोठा करून लावलेला, कोपऱ्यातलं वर्तुळ बशीएवढं दिसत होतं. शिपायाला मी परवाच सांगितलं होतं की तेवढा फोटो काढून टाक. तो म्हणाला, साहेबांनी स्वतः लावलाय, मी कसा हात लावू?

समितीतल्या ज्येष्ठ बाईंनी चष्मा लावून पाहिलं. “वा! संकल्पना थेट मुलांच्या अनुभवातून. आणि हा एकटा घटक, त्याच्यासाठी पुढे काय केलंत?”

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “पाठपुरावा चालू आहे.”

बाईंनी तो शब्द फायलीत लिहून घेतला. दुपारी कळलं की अहवालात माझ्या विभागाचा खास उल्लेख होणार आहे. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी चहा तसाच ठेवला.

सोमवार, २९ सप्टेंबर

दाराचा नियम काढून टाकला. उशिरा येतील त्यांनी सरळ आत यावं, हजेरी तासाच्या शेवटी. मुलांना आनंद झाला. आज उशिरा कुणीच आलं नाही.

बायको सकाळी स्वतः बेकरीत जाऊन आली. मला न सांगता. दोन पाव घेऊन आली आणि म्हणाली, “फार गुणी पोर आहे हो. माझ्याशी तासभर बोलली.” मी विचारलं, काय बोलली? “तुमचं काही नाही. तिचं तिचं.” मग म्हणाली, “खणातला कागद मी वाचला.”  एवढंच. ती पुढे बोलली असती तर मी चिडलो असतो आणि सुटलो असतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सत्र संपलं. कमी हजेरीची यादी लागली. नऊ नंबर आहेत, सहावा एकेचाळीस. अर्ज देण्याची मुदत आज दुपारी बारापर्यंत होती. ते अकरा धरून तिचे सदतीस झाले असते, उरलेल्या आठांची सूट प्राचार्यांच्या हातात असते. साडेअकराला मी कागद घेऊन प्राचार्यांच्या दारापर्यंत गेलो. आत कुणीतरी होतं. बाकावर बसलो. शिपाई म्हणाला, पाठवू का आत? मी म्हटलं, असू दे, घाई नाही. बारा वाजले. माझ्याच्याने झालं नाही. हे दुसरीकडे कुठे लिहिणार? परिस्थिती, व्यवस्था, समिती, असे शब्द मी दिवसभर मनात जुळवत होतो. शेवटी बाकावरून उठलो नाही एवढंच खरं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

ती आज आली. वर्गात नाही, कार्यालयात. दाखला काढायला. फॉर्मवर विभागप्रमुखाची सही लागते म्हणून क्लार्कनी मला बोलावून घेतलं.

स्वच्छ धुतलेले कपडे, केस नीट विंचरलेले. मला नमस्कार केला. बायकोची चौकशी केली. म्हणाली, “काकू परवा पुन्हा येऊन गेल्या.” मला तेही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घे. मी सगळं बघेन.”

“बघू सर,” ती म्हणाली. तिला माझं मन मोडायचं नव्हतं, हे दिसत होतं.

फॉर्म तिने सगळा भरला होता. वरच्या ओळीत तिचं नाव होतं. मी ते वाचलं, मग मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. खाली एक रकाना कोरा होता. तिने फॉर्म माझ्याकडे फिरवून त्यावर बोट ठेवलं.

“सर, इथे काय लिहू? सोडण्याचं कारण.”

रकाना दोन बोटांचा. मला भूमिका माहीत आहे, दर्जा माहीत आहे, नियम, अनुशास्ती, समूह, सगळं माहीत आहे. पहिल्या वर्षाला हेच तर शिकवतो. माझं नाव तर त्यात सहज मावलं असतं. ती पेन उघडून थांबली होती आणि खरंच माझ्या उत्तराची वाट बघत होती.

क्लार्क काउंटरमागून म्हणाले, “वैयक्तिक लिहा हो. सगळे तेच लिहितात. मागे लाइन आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: वैयक्तिक.

त्याखाली मी सही केली, आणि सवयीने सहीखाली हुद्दाही लिहिला. विभागप्रमुख, समाजशास्त्र.